रिट्रीव्हर बॉलमागे धावतो, पण आणून देत नाही: लक्षणं आणि तपासण्या, सोप्यापासून अवघडापर्यंत

"नावातच रिट्रीव्हर आहे, मग हा आणून का देत नाही?" रिट्रीव्हर म्हणजे आणून देणारा, म्हणून लॅब्रेडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता समोरच्याचं वाक्य संपायच्या आत विचारते, "उचलून पळतो, की जवळ येऊन देत नाही?" तक्रार एकच वाटली तरी बिघाड वेगवेगळे असतात. चुकीच्या जागी दुरुस्ती केली तर खेळ आणखी बिघडतो. माझ्या स्वतःच्या तीन कुत्र्यांवर आणि ओळखीच्यांच्या बऱ्याच कुत्र्यांवर हे काम करता करता जो क्रम हाती लागला तो इथे देते आहे. आधी लक्षणं बघा, मग वरून खाली तपासत या. वरच्या तपासण्यांना काही खर्च नाही, फार तर दहा मिनिटं लागतात. खालच्यांना आठवडे लागतात.

लक्षणं

क. बॉल उचलतो, तुमच्या दिशेनं येतो आणि चार हातांवर थांबतो. तुम्ही पुढे सरकलात की तो तेवढाच मागे.

ख. उचलतो आणि उलट्या दिशेनं पसार होतो, किंवा तुमच्याभोवती मोठा घेरा धरून पळत राहतो.

ग. अगदी पायाशी येतो, पण बॉल सोडत नाही. ओढलात तर जबडा आणखी आवळतो.

घ. अर्ध्या वाटेत बॉल टाकतो आणि रिकाम्या तोंडानं शेपटी हलवत येतो.

च. बॉलपर्यंत जातो, हुंगतो, उचलतच नाही.

छ. पहिले तीनचार फेक छान, मग बॉल घेऊन सावलीत जाऊन बसतो.

ज. इतके दिवस व्यवस्थित आणत होता, गेल्या काही दिवसांत बंद झाला.

झ. तोंडातल्या बॉलकडे हात नेला की अंग ताठ होतं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं, ओठ उचलतो किंवा गुरगुरतो.

यातली शेवटची दोन वेगळी आहेत. "ज" असेल तर खेळाच्या तपासण्या सोडून थेट खालच्या "शरीर तपासा" या भागाकडे जा. "झ" असेल तर आजचा खेळ इथेच थांबवा आणि शेवटचा भाग वाचा. तिथे स्वतःहून प्रयोग करू नका.

बिघाड नेमका कुठे असतो

आपल्याला फेच, म्हणजे फेकलेली वस्तू आणून देणं, हा एकच खेळ दिसतो, पण कुत्र्याच्या लेखी ती चार वेगवेगळी कामं आहेत: धावत जाणं, तोंडात उचलणं, घेऊन परत येणं आणि सोडणं. पहिली दोन या जातींच्या रक्तात आहेत. 1868 पासून स्कॉटलंडमध्ये गोल्डनची पैदास झाली ती शिकारीत पडलेला पक्षी शोधून आणण्यासाठी. लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली काम करत. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली ती धावण्याची हौस आणि मऊ तोंड बघून, म्हणजे पक्षी न चिरडता अलगद धरणारा जबडा. धरलेली वस्तू माणसाच्या हातात देणं मात्र शिकारीच्या कुत्र्यांनाही मेहनतीनं शिकवावं लागतं. घरच्या कुत्र्याला ते आपोआप येईल अशी अपेक्षा करणं बरोबर नाही.

म्हणून घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या कामात. आणि आपण घाम गाळतो तो पहिल्यावर. आणखी लांब फेकतो, आणखी चांगला बॉल आणतो.

एका मैत्रिणीचा चौदा महिन्यांचा गोल्डन अजून डोळ्यांसमोर आहे. बॉल तोंडात, पुढचे कोपर जमिनीला टेकलेले, मागचा भाग वर, शेपूट पंख्यासारखी फिरते आहे. मैत्रीण "ये ना रे, ये" म्हणत पुढे वाकलेली. मी बाजूला उभी राहून त्याचे डोळे बघत होते. ते तिच्या चेहऱ्याकडे नव्हतेच. उजव्या हाताकडे होते. हात वीतभर हलला की हा हातभर मागे उडायचा. आम्ही बसून हिशोब मांडला. तीन महिने तो जेव्हा जेव्हा जवळ आला, तेव्हा तिनं आधी बॉल काढून घेतला होता. शेवटच्या वेळी पट्टाही अडकवला आणि घरी नेलं. म्हणजे "जवळ जाणं" याचा त्याच्यासाठीचा अर्थ होता: बॉल गेला, मोकळीक गेली, खेळ संपला. लांब राहिलं तर? पाच मिनिटं फुकट पकडापकडी. त्यानं जे शिकायचं तेच नीट शिकलं होतं.

"क" आणि "ख" लक्षणांच्या दहापैकी आठनऊ कुत्र्यांचा हिशोब मला असाच सापडला आहे. कुत्रा हट्टी नसतो, आपल्याला चिडवतही नसतो. जवळ येणं त्याला तोट्यात पडतं, एवढंच.

तपासणी 1: पाठलाग बंद

आजपासून एकही पाऊल त्याच्या मागे टाकायचं नाही. चालत नाही, वाकत नाही, हात पुढे करत नाही. त्यानं बॉल उचलला की तुम्ही अंग तिरकं करा, पाठ फिरवा आणि उलट दिशेनं झपझप चालायला लागा. चारसहा पावलं धावलात तर आणखी चांगलं. आवाज आनंदी हवा. "इकडे ये म्हटलं ना!" असा दम दिलात तर तो अंतर वाढवणारच.

याचं कारण असं. समोरून अंगावर येणारं माणूस कुत्र्याला मागे ढकलतं आणि पाठमोरं पळणारं माणूस त्याला ओढून घेतं. पकडापकडीत पळणाऱ्याची भूमिका त्याच्याकडे होती, ती तुम्ही काढून घेता. ही तपासणी सगळ्यात आधी ठेवली, कारण काही कुत्रे पहिल्याच संध्याकाळी यानं सुधारतात. पुढचं काही करावंच लागत नाही.

एक सावधगिरी. घरातल्या बाकीच्यांनीही पाठलाग सोडायला हवा. तुम्ही आठवडाभर पाळलंत आणि रविवारी मुलं त्याच्यामागे धावली, तर पहिल्यापासून सुरुवात.

तपासणी 2: तुमचा हात आधी कुठे जातो?

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची, आणि हिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. कोणाला तरी मोबाइलवर तुमचा व्हिडिओ घ्यायला सांगा. कुत्रा जवळ आला त्या क्षणी तुमचा हात कुठे जातो ते बघा. जवळजवळ प्रत्येकाचा सरळ तोंडाकडे जातो.

आता असं करा. तो बॉल घेऊन जवळ आला की खाली बसा, शक्यतो त्याच्याकडे कूस करून. बॉलकडे बघूसुद्धा नका. हात खांद्यावर, छातीवर किंवा शेपटीच्या मुळाशी, जिथे खाजवलेलं त्याला आवडतं तिथे. दहा सेकंद नुसतं खाजवा, "वा रे वा, काय आणलंस!" म्हणा. बॉल त्याच्याच तोंडात राहू द्या. दहा सेकंदांनी उठा आणि चालू लागा. तो बहुधा बॉल घेऊन मागोमाग येतो. पुन्हा बसा, पुन्हा खाजवा.

रिट्रीव्हरला तोंडात काहीतरी धरून मिरवण्यातच सुख असतं. तुमच्याजवळ आलं तरी ते सुख हिरावलं जात नाही हे त्याला पटलं की चार हातांचं अंतर दोन हात होतं, मग एक, मग तो स्वतःच कमरेला अंग घासत उभा राहतो. मैत्रिणीच्या त्या गोल्डनबरोबर आम्ही पहिले चार दिवस बॉल एकदाही काढून घेतला नाही. पाचव्या दिवशी तिनं बसून हात उघडा ठेवला आणि त्यानं हनुवटी तिच्या तळव्यावर टेकवली. बॉल तोंडातच होता, पण हनुवटी तळव्यावर होती. तिथून पुढचं सगळं सोपं गेलं.

पट्ट्याचंही तसंच. खेळ चालू असताना मधेच दोनतीनदा पट्टा अडकवा, थोपटा, काढा आणि लगेच पुढचा बॉल फेका. म्हणजे पट्टा दिसला की खेळ संपला, ही गाठ सुटते.

तपासणी 3: किती फेक, कधी?

"छ" लक्षण असेल तर बिघाड कुत्र्यात नसून तुमच्या मोजणीत असतो. बहुतेक लोक कुत्रा दमेपर्यंत फेकतात. म्हणजे प्रत्येक खेळाचा शेवट "नको आता" या भावनेवर होतो आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात तिथूनच. पाच किंवा सहा फेक, त्याचे कान अजून टवकारलेले असतानाच थांबा. दिवसात असे दोन छोटे डाव एका लांबलचक डावापेक्षा कधीही चांगले.

उन्हात खेळू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, उष्णता मुख्यतः धापांतूनच बाहेर पडते, आणि रिट्रीव्हरच्या अंगावर जाड दुहेरी केस असतात. शिवाय बॉल फेकत राहिलात तर यातले बरेच कुत्रे स्वतःहून थांबत नाहीत. त्यांच्या वतीनं थांबायचं काम आपलं. जीभ रुंद होऊन टोकाशी चपटी पडली, तो सावली शोधू लागला, की खेळ बंद आणि पाणी. पोटभर जेवणानंतरही लगेच पळवू नका.

एक वर्षाच्या आतला कुत्रा असेल तर आणखी कमी. मोठ्या जातींमध्ये हाडांच्या टोकाची वाढ व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोवर उंच उड्या आणि करकचून वळणं त्या कोवळ्या सांध्यांना सोसत नाहीत. बॉल हवेत न फेकता जमिनीवरून सरपटता सोडा.

तपासणी 4: वस्तू

"च" लक्षणासाठी ही आधी बघा. कुत्र्याला रंग दिसतात, पण निळा आणि पिवळा असे दोनच गट. हिरव्या गवतात लाल किंवा नारिंगी बॉल आपल्याला उठून दिसतो, त्याला तो गवतात मिसळलेला दिसतो. तो शोधत फिरतो, कंटाळतो, परत येतो, आणि आपण म्हणतो लक्षच नाही याचं. निळा बॉल घ्या. बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरं म्हणजे तोंडाला कसा लागतो. चार ते सात महिन्यांच्या पिल्लाचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात येत असतात, हिरड्या ठणकतात. त्या काळात कडक रबर नको वाटणं साहजिक आहे. जुन्या टॉवेलला गाठ मारून फेका, किंवा कापडी डमी, म्हणजे फेकून आणायला शिकवण्याची कापडी गुंडाळी, वापरा. उलट एखादा कुत्रा बॉल उचलत नाही पण मोजा मात्र कुठूनही हुडकून आणतो. मग मोज्यापासूनच सुरुवात करा, त्यात बॉल घालून.

आकाराबाबत हयगय नको. साध्या टेनिस बॉलचा व्यास साडेसहा सेंटीमीटरहून थोडासाच जास्त असतो आणि तो दाबला जातो. मोठा लॅब्रेडॉर तो घशाशी नेऊ शकतो. शिवाय त्याच्या लवेत माती अडकली की ती सँडपेपरसारखी दात घासते. मागच्या दाढांच्या पलीकडे जाणार नाही एवढा मोठा, नखानं दाबला तर थोडा दबेल एवढा मऊ, असा बॉल हवा. काठी तर फेकूच नका. ती जमिनीत रुतते आणि धावत्या कुत्र्याच्या टाळूत किंवा घशात घुसते.

तपासणी 5: जागा

मैदान सोडा, घरातला बोळ धरा. दोन्ही बाजूला भिंत, सगळी दारं बंद, तुम्ही एका टोकाला. पळून जायला वाटच नसते, त्यामुळे तो आपसूक तुमच्याकडे येतो आणि प्रत्येक येणं मोलाचं ठरतं. फरशी गुळगुळीत असेल तर सतरंजी घाला, घसरून सांधे दुखावतात. बोळात लागोपाठ तीन दिवस दहापैकी नऊ वेळा आला की मोकळ्या जागेत जा, तेही कोपऱ्यात पाठ करून.

बोळात आणतो आणि मैदानात आणत नाही, तर त्याला फेच येतं. मैदानातले वास, माणसं आणि दुसरे कुत्रे जड पडताहेत. मग अंतर कमी करा, आग्रह वाढवू नका.

तपासणी 6: दुसरा बॉल

अगदी एकसारखे दोन बॉल घ्या. पहिला फेका. तो उचलून वळला की हातातला दुसरा जिवंत करा: आपटा, झेला, त्याच्याकडे न बघता स्वतःच मजेत खेळा. बहुतेक कुत्रे जवळ येतात आणि तोंडातला बॉल गळून पडतो. पडला त्याच क्षणी दुसरा उलट बाजूला फेका आणि तो पळत असताना पहिला उचलून घ्या.

इथे वेळ साधण्याला महत्त्व आहे. बॉल पडल्यावर तुम्ही तीनचार सेकंद रेंगाळलात तर "सोडलं की लगेच मिळतं" हा धडा जातो आणि तो पुन्हा पहिल्याकडे वळतो. "ख" लक्षणाच्या कुत्र्यांवर मला याचा सर्वात जास्त उपयोग झाला आहे. काही महाभाग दोन्ही बॉल एकदम तोंडात कोंबतात. त्यांच्यासाठी दुसरा बॉल जरा आधी, म्हणजे तो दोन पावलांवर असतानाच फेका.

तपासणी 7: "सोड" वेगळं शिकवा

"ग" लक्षण म्हणजे चौथं काम कधी शिकवलंच नाही. धावपळीच्या भरात ते शिकवता येत नाही. घरात, शांत वेळी, फेकाफेक न करता शिकवायचं.

बॉल त्याच्या तोंडात असू द्या. आवडत्या खाऊचा तुकडा नाकापाशी धरा. तोंड उघडलं, बॉल पडला, खाऊ द्या. आणि आता जे करायचं त्यावर सगळं अवलंबून आहे: बॉल उचलून लगेच त्यालाच परत द्या. सोडल्यानं खाऊही मिळाला आणि बॉलही परत आला, हा सौदा त्याला कळायला हवा. पहिल्या वीसेक वेळा तोंडानं काहीच म्हणू नका. जबडा आपोआप उघडू लागला की त्याच्या अर्धा सेकंद आधी "सोड" म्हणायला लागा. उलट केलंत, म्हणजे आवळलेल्या जबड्यासमोर "सोड, सोड, सोड" चा घोष लावलात, तर "सोड" म्हणजे "घट्ट धर" असा अर्थ तयार होतो. असे कुत्रे मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी शब्दच बदलावा लागतो.

बोटं घालून जबडा उघडायचा नाही. ओढायचंही नाही. ओढलं की रस्सीखेच सुरू होते आणि तो खेळ त्याला फेचइतकाच आवडतो.

आता "घ" लक्षणाबद्दल, कारण ते बहुधा या तपासणीतूनच जन्माला येतं. लॅब्रेडॉर खादाड असतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या बऱ्याच जणांत भुकेशी संबंधित एका जनुकात बदल आढळतो, हे 2016 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. अशा कुत्र्याला तुमच्या मुठीत खाऊ दिसला की बॉल तिथेच टाकून तो खाऊकडे धावतो. त्याचं काही चुकत नाही, तुम्ही मोबदला आधी दाखवता. खाऊ डब्यात ठेवा, डबा मागे. बॉल तुमच्या तळहातात किंवा पायाशी पडल्यावरच हात डब्याकडे जाऊ द्या. वाटेत टाकला तर काही बोलू नका, उचलू नका, फक्त मागे सरका. बहुतेक जण वळून बॉल आणायला जातात. जमत नसेल तर खाऊ बंद करून दुसरा बॉल हाच मोबदला ठेवा.

तपासणी 8: लांब दोरी

इथवर येऊनही तो मैदानात पसार होत असेल तर 8 ते 10 मीटरची हलकी दोरी लावा. ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला अडकवा, गळपट्ट्याला नको. पूर्ण वेगात दोरी ताणली गेली तर सगळा झटका मानेवर येतो. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं मोडतात. जमिनीवर सुटी राहू द्या आणि लागली तरच टोकावर पाय ठेवा.

दोरीचा उपयोग ओढून आणायला नाही. माशासारखं खेचत आणलेला कुत्रा काहीच शिकत नाही. दोरी फक्त "पळून पकडापकडी" हा पर्याय बंद करते. पर्याय बंद झाला की तपासणी 1 आणि 2 पुन्हा करा. आता त्या लागू पडतील. दोनतीन आठवड्यांनी दोरी थोडी थोडी कापत आखूड करा. एकदम काढू नका. दोरी अंगावर नाही हे कुत्र्याला लगेच कळतं.

तपासणी 9: शेवटापासून उलटं शिकवणं

सगळ्यात चिकाटीची. फेचची साखळी मोडून शेवटच्या कडीपासून बांधायची. आधी फक्त तुमच्या हातातली वस्तू तोंडात घेणं आणि हातातच देणं. मग दोन सेकंद धरून देणं, मग पाच. मग तोंडात धरून एक पाऊल चालत येऊन देणं. मग जमिनीवरून उचलून देणं. मग हातभर लांबून. फेकणं अगदी शेवटी.

याचं मर्म असं की कुत्रा नेहमी नव्या, अवघड कामाकडून जुन्या, ओळखीच्या आणि मोबदला मिळणाऱ्या कामाकडे जातो. पुढून शिकवलं की तो सोप्याकडून अवघडाकडे जातो आणि वाटेत गळतो. रोज पाच मिनिटं धरली तर तीन ते सहा आठवडे लागतात. कुठेही लागोपाठ दोनदा चुकला तर एक कडी मागे या. "च" लक्षणाचा माझा दुसरा लॅब्रेडॉर यानंच शिकला. पहिल्या आठवड्यात त्यानं डमीला फक्त नाक लावलं, त्यापलीकडे काही नाही.

शरीर तपासा

"ज" लक्षणाच्या मंडळींनो, इथून वाचा. आणणारा कुत्रा अचानक आणेनासा झाला तर मी आधी दुखणं गृहीत धरते, वागणं नंतर.

पहिलं, तोंड. शांत बसलेला असताना ओठ हलकेच वर करून दोन्ही बाजू बघा. एका बाजूनं लाळ, नेहमीपेक्षा उग्र वास, एकाच बाजूनं चावणं, वरच्या मोठ्या दाढेचा टवका उडालेला, हिरडीला सूज. एका ओळखीच्यांचा नऊ महिन्यांचा लॅब्रेडॉर चार दिवस बॉलपाशी जाऊन परत येत होता, पंजानं थोबाड खाजवत होता. सगळ्यांना वाटलं खोड्या करतो. टॉर्च धरून तोंड उघडलं तर टाळूवर, दोन्ही बाजूंच्या वरच्या दाढांच्या मधे, काडीचा एक तुकडा आडवा पाचरीसारखा बसला होता. त्याच्याभोवतीची कातडी लाल होऊन सुजायला लागली होती. डॉक्टरांनी चिमट्यानं काढला. तुम्हाला असं काही दिसलं आणि बोटाला सहज सुटलं नाही, तर ओढाताण करू नका. दुखणारा कुत्रा चावतो, घरचा असला तरी.

दुसरं, पाय. पंजांच्या गाद्या, बोटांमधली जागा, मोडलेलं नख. मग त्याला झोपेतून उठताना बघा. पहिली दहा पावलं ताठ पडतात का, बसताना एक मागचा पाय बाहेर फेकतो का, जिना चढताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकत्र टाकतो का? रिट्रीव्हरमध्ये कमरेच्या आणि कोपराच्या सांध्यांचे दोष बरेच आढळतात, गुडघ्यातला लिगामेंटही फाटतो. बॉलच्या नादात त्यांना दुखणं जाणवत नाही, थांबल्यावर लंगडतात. म्हणून खेळताना बघून उपयोग नाही, खेळ संपल्यावर तासाभरानं बघा.

पोहून आल्यावर शेपूट मुळापासून ओल्या दोरीसारखी लोंबत असेल तर तिचे स्नायू दुखावलेले असतात. बहुधा काही दिवसांच्या विश्रांतीनं बरी होते, तरी डॉक्टरांना दाखवा.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

त्याच दिवशी, वेळ न घालवता पशुवैद्य:

खेळताना मागचे पाय लटपटले, लुळे पडले किंवा कोसळला. लॅब्रेडॉरमध्ये जोराच्या व्यायामानंतर कोसळण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. त्याचं जनुक 2008 मध्ये सापडलं आणि त्याची डीएनए चाचणी होते. पाचपंधरा मिनिटांच्या जोरदार खेळानंतर मागचे पाय आधी जातात, कुत्रा तरीही बॉलकडे सरपटत राहतो. त्याला तसं खेळू देऊ नका, जिवावर बेतू शकतं.

धापा थांबत नाहीत, हिरड्या गडद लाल किंवा फिक्या, चाल अडखळती, उलट्या. कुत्र्याचं तापमान एरवी 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. खेळून आल्यावर थोडं चढतं, पण 41 च्या पुढे अवयवांना इजा होऊ लागते. सावलीत न्या, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि थंड करता करताच दवाखाना गाठा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

पोट फुगलं, ओकारीचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही, अस्वस्थ येरझाऱ्या. पोटाला पीळ पडलेला असू शकतो. सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

पाण्यात तासभर बॉल आणून आल्यावर झोकांड्या, उलट्या, सुस्ती. बॉलबरोबर पोटात पाणी जात राहतं आणि रक्तातलं मीठ धोकादायक इतकं कमी होतं.

बॉलचा तुकडा गिळला, किंवा गिळल्याचा संशय आहे.

दोन दिवसांत: लंगडणं, उठताना ताठरपणा, तुटलेला दात, तोंडाचा वास बदलणं. तोवर फेच पूर्ण बंद, पट्ट्यावर चालणं पुरे.

"झ" लक्षणासाठी आधी पशुवैद्य, कारण गुरगुरण्यामागे दुखणं असू शकतं. शरीर ठीक निघालं तर वर्तनतज्ज्ञ. घरात लहान मुलं असतील तर तोपर्यंत बॉल आणि हाडासारख्या वस्तू त्याच्यापासून आणि मुलांपासून दोघांपासूनही दूर कपाटात. गुरगुरल्याबद्दल रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. म्हणूनच कान पिळून किंवा शॉक कॉलर लावून "आठ दिवसांत सोडायला शिकवतो" म्हणणाऱ्याकडे हा कुत्रा देऊ नका. तज्ज्ञ निवडताना एकच प्रश्न विचारा: कुत्र्यानं चूक केली तर तुम्ही नक्की काय करता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा शोधा.

या सगळ्या तपासण्या दीडदोन महिने नीट करूनही खेळ जमत नसेल आणि शरीरात दोष नसेल, तर प्रशिक्षकाला एकदा प्रत्यक्ष बोलवा. पाचदहा मिनिटांत त्याला आपल्या हालचालीतली अशी एखादी गोष्ट दिसते जी आपल्याला व्हिडिओत शंभरदा बघूनही दिसत नाही. काही रिट्रीव्हरना मात्र फेकलेल्या बॉलपेक्षा लपवलेला बॉल नाकानं शोधण्यात जास्त रस असतो. तसा निघाला तर बॉल गवतात लपवून शोधायला लावा, त्यानंही व्यायाम आणि मजा दोन्ही होतं.

डॉक्टरांकडे जा किंवा प्रशिक्षकाकडे, जाताना मोबाइलमध्ये तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा: झोपेतून उठून चालायला लागतानाचा, बाजूनं सरळ चालतानाचा, आणि बॉल घेऊन तुमच्याकडे येतानाचा, ज्यात तुम्हीही पूर्ण दिसता. तपासणीच्या टेबलावर बहुतेक कुत्रे लंगडत नाहीत.